‘जात कहाँ हो’ (व्हॉयेजर तबकडी)

केसरबाई केरकर यांनी भैरवी रागात गायिलेली बंदिश. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने १९७७ साली व्हॉयेजर १ आणि २ या यानांसोबत अंतराळात पाठवलेल्या तबकडीवरील संगीतसंकलनात तिचा समावेश आहे. जगभरातून निवडलेल्या २७ संगीतखंडांपैकी भारतातील हा एकमेव होय. त्याच तबकडीवर ५५ भाषांतील अभिवादने असून त्यांत मराठीही आहे.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातील केरी येथे झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्या कोल्हापुरात आल्या आणि तेथे काही महिने अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकल्या. पुढे रामकृष्णबुवा वझे यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. त्यांची गायकी घडली ती मात्र अल्लादिया खाँ यांच्या तालमीत. खाँसाहेब राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापूरचे दरबारगायक होते. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली ती याच आश्रयामुळे. १९२१ पासून १९४६ मध्ये खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत, म्हणजे पाव शतक, केसरबाईंची तालीम चालू होती.

हे घराणे अनवट आणि जोडरागांसाठी प्रसिद्ध आहे. भैरवी तर मैफलीच्या शेवटी गायिली जाणारी, सर्वांच्या कानांवरची. तरीही या मुद्रणात घराण्याची शिस्त स्पष्ट ऐकू येते: खुला, भरीव आकार, श्वासावरील पकड आणि लयीचे अखंड भान. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. मैफलीत तासभर राग मांडणाऱ्या गायिकेला तेवढ्यात बंदिश, विस्तार व ताना बसवाव्या लागत. अनेक कलावंतांच्या अशा मुद्रणांत घाई जाणवते, येथे ती नाही. केसरबाई ध्वनिमुद्रणाबाबत अत्यंत चोखंदळ होत्या, त्यामुळे त्यांचे मुद्रित गायन थोडेच आहे आणि त्याचे मोल अधिक आहे.

संकलनाची समिती कार्ल सेगन यांच्या अध्यक्षतेखाली काम करत होती. भारतीय संगीतासाठी ही बंदिश सुचवली ती लोकसंगीत व जागतिक संगीतपरंपरांचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी. तिची जुनी तबकडी बाजारात सहज मिळेना. अखेर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात समितीतील अ‍ॅन ड्रुयान यांना ती सापडली. संकलनात ही बंदिश २५ वी आहे. तिच्या आधी ग्वान पिंगहू यांचे चिनी तंतुवाद्य छिन वाजते, नंतर ब्लाइंड विली जॉन्सन यांचे अमेरिकी ब्लूज आणि शेवटी बीथोव्हनची तंतुवाद्य-चौकडी. हा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे: केसरबाईंच्या आवाजातली आर्तता जॉन्सन यांच्या शब्दहीन गुणगुणण्यात थेट मिसळते.

व्हॉयेजरसोबतची तबकडी तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली, १२ इंच व्यासाची आहे. ती मिनिटाला १६⅔ फेरे घेते. घरगुती लाँग प्ले तबकडीच्या निम्मा हा वेग ठेवल्यानेच सुमारे ९० मिनिटांचे संगीत तिच्यावर मावले. सोबत वाजवण्याची सुई दिलेली आहे आणि ती कशी वापरायची याच्या आकृत्या अ‍ॅल्युमिनियमच्या वेष्टनावर कोरलेल्या आहेत. व्हॉयेजर २ चे उड्डाण २० ऑगस्ट १९७७ रोजी, तर व्हॉयेजर १ चे ५ सप्टेंबर रोजी झाले. त्यानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबरला, केसरबाईंचे मुंबईत निधन झाले.

पृथ्वीवरील रसिकांना हे संकलन तबकडीच्या रूपात विकत घेता आले ते चाळीस वर्षांनी. २०१७ मध्ये ओझ्मा रेकॉर्ड्स या कंपनीने लोकवर्गणीतून त्याचा संच काढला. त्याच्या मांडणीला पुढच्या वर्षी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. व्हॉयेजर १ ने २०१२ मध्ये, तर व्हॉयेजर २ ने २०१८ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली. सुमारे ४०,००० वर्षांनी व्हॉयेजर १ हे ग्लीझ ४४५ या ताऱ्यापासून १.६ प्रकाशवर्षे अंतरावरून जाईल.