घाटमाथा आणि महसीर

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून क्षेत्र महाबळेश्वरला गेलो, की पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचा उगम दाखवतात. त्यांतली सावित्री पश्चिमेला उतरते आणि पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे १४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला जाते. माथ्यावर या नद्या शेजारी-शेजारी असल्या, तरी त्यांतल्या माशांची एकमेकांशी गाठ पडत नाही. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांना डोंगर ओलांडता येत नाही आणि समुद्रातून वळसाही घालता येत नाही.

मग महसीर घाटाच्या दोन्ही अंगांना कसा? असाच, पण फार मोठा प्रश्न १९४० च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी मांडला होता : ईशान्येकडच्या डोंगरी माशांचे नातलग सह्याद्रीत कसे? ते सातपुड्याच्या रांगेने आले असावेत, असे त्यांचे उत्तर होते. एका नदीचा उगम मागे झिजत जाऊन शेजारच्या नदीचा प्रवाह आपल्याकडे ओढून घेतो. पाण्याबरोबर मासेही खोरे बदलतात. होरांच्या या सातपुडा सिद्धांताबद्दल पुढे बऱ्याच शंका घेतल्या गेल्या, पण नद्यांचे असे अपहरण होते हे खरे.

एकदा ताटातूट झाली, की दोन्हीकडच्या डीएनएत वेगवेगळे बदल साठू लागतात. एकाच बखरीच्या नकला दोन गावी होत राहिल्या, तर प्रत्येक गावच्या चुका वेगळ्या असतात. अशा फरकांवरून मासे केव्हा वेगळे झाले, याचा अंदाज आम्ही संशोधक बांधतो.

दख्खनच्या महसीरचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या नदीतील माशांवरून केले. मराठी मुलखातले ‘खुद्री’ हे नाव त्याच्या शास्त्रीय नावात कायमचे राहिले. १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर सी. व्ही. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी त्याची कृत्रिम पैदास साधली. ही पिल्ले दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण कावेरीत आधीपासून कुबडदार महसीर होता. आलेला मासा फोफावला आणि मूळचा मागे पडला. कावेरीच्या त्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली ती २०१८ साली, तोवर तो नामशेष व्हायच्या बेतात आला होता.

महाड तालुक्यात सावित्रीची उपनदी काळ हिच्यावर वाळणकोंड आहे. तिथले महसीर देवीचे मानतात. त्यांना कोणी धरीत नाही, उलट खाऊ घालतात. या श्रद्धेने तिथे मासा राखला आहे. उद्या कोणी ‘संख्या वाढवू’ म्हणून बाहेरची पिल्ले आणली, तर डोहात मासे दिसतील, पण काळ नदीची बखर पुसली जाईल. म्हणून पिल्ले सोडण्याआधी दोन्ही माशांचे डीएनए ताडून पाहणे भाग आहे.

वर्गात जिल्ह्याचा नकाशा उघडाल तेव्हा मुलांना घाटमाथ्याच्या रेषेवरून बोट फिरवायला सांगा. ही माशांच्या मुलखाची सीमा आहे. ती आपण बादलीने सहज ओलांडू शकतो, म्हणूनच जपायला हवी.