रात्री साडेआठ, मुझफ्फरपूर

ऑगस्ट 1907, कोलकाता. आठ महिने आधी.
चीफ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट डग्लस किंग्जफर्ड पंधरा वर्षांच्या सुशील सेनला 15 फटक्यांची शिक्षा फर्मावतो. कोर्टाबाहेरच्या गर्दीत त्याने गोऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर हात उचललेला असतो. ‘युगांतर’ आणि ‘वंदे मातरम्’ या पत्रांवरचे खटलेही याच मॅजिस्ट्रेटपुढे चाललेले. माणिकतळ्याच्या मुरारीपुकुर बागेत बारींद्रकुमार घोष यांची मंडळी किंग्जफर्डला मारायचे ठरवतात. मारायचा आहे तो एक माणूस.

जानेवारी 1908. तीन महिने आधी.
हेमचंद्र दास कानुनगो पॅरिसहून परतला आहे. बॉम्बची विद्या तो तिथे रशियन निर्वासितांकडून शिकला. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढे सेनापती म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाले ते, त्याच शिक्षणासाठी पॅरिसला होते.

हेमचंद्र कॅडबरी कोकोचा रिकामा डबा घेतो. त्यात सुमारे एक पौंड पिक्रिक ॲसिड आणि तीन डिटोनेटर भरतो. हर्बर्ट ब्रूमचा कायद्यावरचा जाडजूड ग्रंथ आतून कोरून डबा त्यात बसवला जातो. तपकिरी कागदात बांधलेले पुडके एक तरुण किंग्जफर्डच्या बंगल्यावर पोचवतो. साहेब ते न उघडता फडताळावर ठेवतो, सवडीने बघू म्हणून.

ते साहेबच उघडेल, बायको किंवा नोकर उघडणार नाही, याची हमी पुडके बांधणाऱ्यांना देता आली नसती.

मार्च 1908.
जिवाला धोका आहे म्हणून सरकार किंग्जफर्डला बढती देऊन बिहारात मुझफ्फरपूरला जिल्हा न्यायाधीश नेमते. सामान बांधले जाते. पुस्तकांबरोबर ते पुडकेही जाते.

11 एप्रिल. 19 दिवस आधी.
फ्रेंचांच्या चंद्रनगरात मेयर तार्दिव्हेल यांच्या घरात खिडकीतून याच मंडळींचा बॉम्ब पडतो. घरात मेयरची पत्नीही आहे. बॉम्ब नीट फुटत नाही, कुणाला इजा होत नाही. पुडके कोण उघडेल हा प्रश्न जानेवारीत कुणी विचारला नव्हता. खोलीत आणखी कोण आहे, हा आता कुणी विचारत नाही. बॉम्ब मात्र सुधारायचा ठरतो.

एप्रिल, दुसरा पंधरवडा.
प्रफुल्ल चाकी, वय 19, आणि खुदीराम बोस, वय 18, मुझफ्फरपूरला येऊन एका धर्मशाळेत उतरतात. नावे सांगतात दिनेशचंद्र राय आणि हरेन सरकार. जवळ पिस्तुले आणि सहा औंस डायनामाइटचा बॉम्ब.

कटाची कुणकुण कोलकात्याच्या पोलिसांना लागलेली आहे. मुझफ्फरपूरच्या पोलीस सुपरिंटेंडेंटला इशारा जातो. चार माणसे पहाऱ्याला लागतात. मुरारीपुकुरच्या बागेवरही पोलिसांची नजर आहे, पण धाड घालायचा हुकूम निघालेला नाही.

29 एप्रिल, संध्याकाळ. 24 तास आधी.
दोघे शाळकरी पोरांसारखे युरोपियन क्लबासमोरच्या मैदानात रेंगाळतात. साहेब रोज क्लबात येतो, रात्री घोडागाडीतून परततो. गाडी त्यांनी हेरून ठेवली आहे. पहाऱ्यावरचा शिपाई पोरांना बघतो. हटकण्यासारखे त्याला काही वाटत नाही.

30 एप्रिल, गुरुवार. अंधार पडल्यावर.
अमावस्या आहे. क्लबात किंग्जफर्ड पती-पत्नी बॅरिस्टर प्रिंगल केनेडी यांच्या पत्नी आणि मुलीबरोबर ब्रिज खेळत बसले आहेत. बाहेर तहसीलदार खान आणि फैजुद्दीन हे दोन शिपाई त्या पोरांना निघून जायला सांगतात. पोरे निघून जातात आणि झाडाखाली येऊन थांबतात.

रात्री साडेआठच्या सुमारास.
डाव संपतो. केनेडी मायलेकी आधी निघतात. त्यांची गाडी किंग्जफर्डच्या गाडीसारखीच दिसते. किंग्जफर्डची गाडी मागून येत आहे.

इथे मॉस्को आठवल्यावाचून राहत नाही. फेब्रुवारी 1905 मध्ये इवान कालियायेव ग्रँड ड्यूक सर्गेईच्या गाडीपुढे बॉम्ब घेऊन धावला. आत ड्यूकबरोबर त्याची बायको आणि दोन लहान मुले दिसली, तसा त्याने हात खाली घेतला. दोन दिवसांनी ड्यूक त्यांच्यावाचून निघाला तेव्हा त्याला मारले. त्या पहिल्या संध्याकाळी मॉस्कोतही अंधारच होता. पॅरिसमार्गे रशियाची कृती बंगालला पोचली. हा प्रसंग पोचला की नाही, मुरारीपुकुरच्या वागण्यावरून तरी दिसत नाही. क्रांतिकारक आणि दहशतवादी यांतला फरक आपण हेतूवरून ठरवतो. हेतू मुझफ्फरपुरातही तोच होता आणि मॉस्कोतही तोच.

गाडी क्लबाच्या पूर्वेच्या फाटकाशी येते. दोघे धावतात. बॉम्ब गाडीत पडतो.

साडेनऊच्या आत.
मिस केनेडी मरण पावते. आई जबर जखमी आहे. किंग्जफर्डला खरचटलेलेही नाही.

1 मे, सकाळ.
रात्रभर सुमारे 25 मैल चालून खुदीराम वैनी स्टेशनाजवळ पोचतो. दोन शिपायांना संशय येतो. झडतीत काडतुसे 37, रुपये 30, रेल्वेचा नकाशा.

2 मे.
पहाटे मुरारीपुकुरवर धाड पडते. अरविंद घोषांना ग्रे स्ट्रीटवरच्या घरातून उचलतात. मोकामा घाट स्टेशनावर पोलीस घेरतात तेव्हा प्रफुल्ल स्वतःवर गोळी झाडतो. ओळख पटवण्यासाठी त्याचे शिर कोलकात्याला पाठवले जाते. याच दिवशी मिसेस केनेडीही जातात.

12 मे, पुणे.
‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ हा अग्रलेख येतो. 9 जूनला ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. बॉम्बचे समर्थन टिळक करत नाहीत, पण तो का निर्माण झाला याचा जाब सरकारला विचारतात. 24 जूनला अटक होते.

22 जुलै, रात्री दहाच्या सुमारास, मुंबई हायकोर्ट.
ज्यूरीचा कौल 7 विरुद्ध 2. न्यायमूर्ती दिनशा दावर सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावतात. मंडालेला सहा वर्षे. गिरणी कामगार सहा दिवस संप करतात.

11 ऑगस्ट, सकाळी 6, मुझफ्फरपूर तुरुंग.
खुदीरामला फाशी दिली जाते. वय 18 वर्षे 8 महिने.

वैनीच्या स्टेशनाचे नाव आता खुदीराम बोस पुसा आहे. केनेडी मायलेकी बहुतेक चरित्रांत एका वाक्यापुरत्या येतात, आणि त्या वाक्याचा कर्ता बहुधा किंग्जफर्ड असतो: तो वाचला.