हिवऱ्याची सरकारी बाग, दापोडीची चित्रं आणि आपली घाणेरी

आज खत-फवारणी बाजूला ठेवू, थोडा इतिहास बघू.

आपल्या जुन्नर तालुक्यात हिवऱ्याला इंग्रजांच्या काळात सरकारी वनस्पती बाग होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. मुख्य बाग पुण्याजवळ दापोडीला. ती १८२८ साली गव्हर्नर माल्कमच्या काळात सुरू झाली. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर ती बघायला लागला, हिवऱ्याची बागही त्याच्याच हाताखाली. सरकारी दवाखान्यांना लागणारी औषधी झाडं लावायची, बाहेरदेशची झाडं आपल्या उन्हात, कमी पाण्यात टिकतात का ते बघायचं, हे तिथलं काम. त्यात शोभेची फुलझाडंही आली.

तेव्हा रंगीत फोटो निघत नव्हते. वाळवलेल्या फांदीचा रंग उडतो. म्हणून ताजी फांदी समोर ठेवून चित्र काढायचं. १८४७ ते १८५० च्या दरम्यान गिब्सनने एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून दीडशेच्या वर चित्रं काढून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. गिब्सनचं नाव राहिलं, चित्रकाराचं कुठं नोंदलंच नाही. रोज पाणी घालणाऱ्या माळ्यांचं तर सोडाच.

हे काम किती बारकाईचं, ते घाणेरीचा एक गुच्छ हातात घेऊन बघा. आपण तिला टणटणीही म्हणतो. मधली ताजी फुलं पिवळी, कडेची जुनी नारिंगी नाहीतर गुलाबी. पान समोरासमोर, खरखरीत, कडा करवतीसारखी. एवढं सगळं उतरलं तरच चित्रावरून झाड ओळखू येणार.

ही घाणेरीसुद्धा बागेतूनच आलेली. मूळची अमेरिकेकडची. १८०९ मध्ये कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी लावली. काटक, पाणी कमी लागतं, बारमाही फुलते, जनावर तोंड लावत नाही. कुंपणाला यापेक्षा चांगलं काय पाहिजे? पण याच गुणांनी ती डोंगर चढली. बुलबुल-साळुंकीनं बी नेलं आणि गायरानातलं गवत गेलं. दुष्काळात चारा नाही म्हणून गुरानं पाला खाल्ला तर कावीळ होते, उन्हात कातडी फाटते. वरून कापली तर दुप्पट फुटते. बी धरायच्या आधी, मुळाचा गड्डा जमिनीखालून तोडून काढावा लागतो.

गिब्सन आणि डाल्झेल यांनी १८६१ साली मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचं पुस्तक छापलं. त्यात बाहेरून आलेल्या झाडांची पुरवणी वेगळी दिली. आपलं कोणतं, पाहुणं कोणतं, ही नोंद तेव्हाही महत्त्वाची वाटली होती.

आज आपण नर्सरीतून नवनवीन झाडं बांधावर आणतो. विकणारा सांगतो, "काटक आहे, मरत नाही." तेव्हा एवढंच विचारा: बी कोण नेतं, आणि तोडल्यावर फुटतं का? वहीत नाव-तारीख लिहा, मोबाईलवर फुलाचा, पानाचा फोटो काढून ठेवा. पुढच्या पिढीला उपयोग होईल.

हिवऱ्याच्या बागेबद्दल घरातल्या जुन्या माणसांकडून काही ऐकलं असेल तर जरूर लिहा.