सुरेची पारख

पुण्यांतील सुशिक्षित तरुणांमध्यें अलीकडे एक नवा छंद रूढ झाला आहे. चारपांच स्नेही एकत्र जमतात. लहान लहान भट्ट्यांत बेताच्या प्रमाणांत तयार झालेली निरनिराळी बिअर छोट्या पेल्यांत घेतात. तिचा रंग उजेडासमोर धरून पाहतात, वास घेतात, घोटभर जिभेवर घोळवितात, आणि मग जो तो आपापले गुण कागदावर मांडतो. २००९ सालीं पुण्यांत 'डूलाली' नांवाची मायक्रोब्रुअरी निघाली, तेव्हांपासून ही आवड आपल्याकडे वाढीस लागली. हें पाहून जुन्या वळणाचे लोक म्हणतात कीं, हें सारें खूळ विलायती आहे. आणि नव्या वळणाचे लोकही, जरा अभिमानानें, तेंच म्हणतात. दोघांचाही हा समज इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. पेय पारखण्याची विद्या या देशांत होती, तिची परिभाषा होती, आणि ती कां लोपली यालाही कारणें आहेत.

या विषयाचा आरंभ बेडसे येथील लेण्यांपासून करणें सोयीचें आहे. कारण मद्य आणणारा व्यापार आणि मद्य वर्ज्य करणारा संघ हे दोन्ही तेथें एकाच डोंगराच्या आश्रयास आलेले दिसतात. कामशेतच्या दक्षिणेस, पवनेच्या खोऱ्यांत, हीं लेणीं आहेत. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या चैत्यगृहाच्या दर्शनी स्तंभांवर हत्ती, घोडे व बैल यांवर आरूढ झालेलीं स्त्रीपुरुषांचीं युग्में आहेत; त्यांच्या अंगावरील अलंकार आणि बसण्यांतील ऐट पाहतां हें विरक्तांचें स्थान असेल असें क्षणभर वाटतही नाहीं. येथील एका लेखांत नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्पणक याच्या दानाची नोंद आहे. जवळच्या कार्ले येथील चैत्यांत तर धेनुकाकट गांवच्या यवनांनीं दिलेल्या स्तंभांवर त्यांचीं नांवें कोरलेलीं आढळतात. कोंकणांतील बंदरांतून घाट चढून देशावर येणाऱ्या मालाच्या वाटा या लेण्यांच्या परिसरांतून जात होत्या.

त्या काळीं परदेशाहून येणाऱ्या मालांत मद्यही होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या जिनसांची यादी आहे. तींत मद्याचा उल्लेख करतांना इटलीच्या मद्यास अधिक मागणी असल्याचें सांगून त्याच्या जोडीस लाओदिकिया व अरबस्तान येथील मद्यांचीं नांवें दिलीं आहेत. म्हणजे गिऱ्हाइकास नुसतें मद्य नको होतें; तें कोठलें, हें तें विचारीत होतें. नेवासें येथील उत्खननांत दोन मुठींच्या परदेशी मद्यकुंभांचीं खापरें निघालीं. दख्खनेंत व पश्चिम किनाऱ्यावर सांपडलेलीं अशीं कांहीं खापरें रोमन नसून इराणी आखाताकडील कुंभांचीं आहेत, असें पुढील अभ्यासांत ठरलें. तथापि त्यामुळें व्यापाराची व्याप्ति कमी न होतां उलट वाढतेच.

आतां संघाकडे वळूं. सुरापान भिक्षूस निषिद्ध होतें. पालि विनयांत या नियमाची उत्पत्तिकथा दिली आहे. सागत नांवाच्या थेरानें एका नागाचें दमन केलें म्हणून कौशांबीच्या उपासकांनीं घरोघर त्याला 'कापोतिका' नांवाची निवळ सुरा दिली, आणि तो नगराच्या वेशींत बेशुद्ध होऊन पडला. कापोतिका म्हणजे कबुतराच्या पायांसारखी तांबूस झांक असलेली, असा टीकाकार खुलासा करतात. निषेधाच्या कथेंतही पेयाचा रंग इतक्या नेमकेपणानें सांगितला जावा, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. याच नियमाच्या विवरणांत सुरेचे पांच प्रकार येतात: पिठाची, अपूपांची, भाताची, किण्व घातलेली व मसाल्याचीं द्रव्यें मिसळलेली. मैरेयाचेही पांचच: फुलांचें, फळांचें, मधाचें, गुळाचें व द्रव्यमिश्रित. ज्याला एखादी वस्तु वर्ज्य करावयाची आहे, त्याला ती चुकविण्यापुरती तरी ओळखावीच लागते. म्हणून न पिणाऱ्यांनीं केलेली ही यादी पिणाऱ्यांच्या कोणत्याही यादीहून कमी काटेकोर नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सुरा ही मुख्यतः धान्याची. द्राक्षांचें तें मधु. त्यामुळें आजच्या बिअरची जवळची आप्त म्हणजे सुराच होय. कौटिलीय अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण असून त्यांत कृति मापांसह दिल्या आहेत. मेदक करावयाचा तर एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. म्हणजे सोळा भाग पाण्यास दोन भाग तांदूळ व तीन भाग किण्व. हें किण्व उडीद व तांदूळ यांच्या पिठांत औषधी मिसळून केलेलें असे. आजच्या यीस्टचें काम तेंच करी. पुढें सहकारसुरा, म्हणजे आंब्याची सुरा, सांगितली आहे, आणि रसाचें वा द्रव्यांचें आधिक्य पाहून सुरेचे आणखी भेद केले आहेत. द्राक्षाच्या मधूस तर कापिशायन व हारहूरक अशीं प्रदेशांवरून पडलेलीं नांवें आहेत. मोसमी फळ घालून बिअर करणाऱ्या आजच्या भट्टीवाल्यास हें प्रकरण मुळींच परकें वाटणार नाहीं.

वैद्यकानें ही परिभाषा आणखी सूक्ष्म केली. शार्ङ्गधरसंहितेंत एकाच पात्रांतील सुरेच्या थरांस निरनिराळीं नांवें आहेत: वरची निवळ ती प्रसन्ना, तिच्याहून दाट ती कादंबरी, तिच्या खालचा जगल, त्याहूनही दाट तो मेदक, आणि सार काढून घेतल्यावर उरणारा चोथा तो वक्कस. निवळपणा व दाटपणा यांसाठीं इतके शब्द ज्या भाषेपाशीं होते, तिच्या लोकांना चव नव्हती असें कोण म्हणेल?

पारख होती तशी गोष्ठीही होती. कामसूत्रांतील नागरक एकमेकांच्या घरीं आपानकें भरवितात, आणि पेयांबरोबर खारट, कडू, तिखट व आंबट अशीं तोंडीलावणीं मांडतात. चरकसंहितेंत मदात्ययाच्या चिकित्सेचा अध्याय आहे. त्यांत विकार सांगण्याबरोबरच मद्य कोणत्या ऋतूंत, कशा अन्नासह व कशा सोबत्यांबरोबर घ्यावें याचें वर्णन येतें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लासां'त मदिरापानक्रीडेस स्वतंत्र स्थान आहे. या सर्व ग्रंथांत सुहृदांची संगति ही पेयाच्या आस्वादाचाच एक भाग मानली आहे.

तथापि या चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. बिघडलेल्या सुरेचें काय करावें, हें कौटिल्य सांगतो: ती दासांना व कामकऱ्यांना वेतनादाखल द्यावी, नाहीं तर जनावरांस व डुकरांस घालावी. म्हणजे जेथें सुरेची प्रतवारी होती, तेथें माणसांचीही होती. प्रसन्ना कोणाच्या पेल्यांत आणि वक्कस कोणाच्या मडक्यांत, हें जिभेनें ठरविलें नव्हतें.

हीच फाळणी पुढें वाढत गेली. स्मृतिकारांनीं गौडी, पैष्टी व माध्वी असे सुरेचे भेद सांगून ब्राह्मणाच्या सुरापानास महापातक ठरविलें. त्यामुळें ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांच्या लेखनांतून पारखीचे शब्द हळूहळू नाहींसे झाले. मोहाचें व नाचणीचें पेय करणारे हात राहिले, पण ते लिहीत नव्हते. इंग्रजी अमलांत राहिलेंसाहिलेंही गेलें. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें मद्य करणें, विकणें व ताडीसाठीं झाडें छेदणें हें सर्व परवान्याखालीं आणलें, आणि १८९२ त मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. घरगुती कृति हा गुन्हा झाला. सरकारास पेयाच्या चवीशीं कर्तव्य नव्हतें, तें त्याच्या महसुलाकडे पाहत होतें. त्याच शतकांत, १८३० सालीं भोरघाटांतून गाडीरस्ता झाला आणि १८६३ सालीं तोच घाट आगगाडीनें ओलांडला. पुणें व खडकीच्या छावण्यांना लागणारा विलायती माल या वाटेनें सहज वर येऊं लागला. हिंदुस्थानाकडे पाठविण्यासाठीं हॉप अधिक घालून केलेली फिकट एल इंग्लंडांत नांवारूपास आली, तीही याच काळांत. ज्या घाटाच्या आसमंतांत पूर्वीं यवनांचे कुंभ आले, त्याच घाटानें आतां गोऱ्यांचीं पिंपें आलीं. फरक एवढाच कीं, या खेपेस आपल्यापाशीं तोलून पाहण्यास आपलें असें कांहीं उरलें नव्हतें. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें उरलेला विषय चोरवाटेस लावला. आणि चोरून पिणारा मनुष्य चव पाहत नाहीं, तो घाईनें गिळतो.

याचा परिणाम भाषेवर स्पष्ट दिसतो. आजच्या मराठींत मद्याविषयीं शब्द पुष्कळ आहेत, पण ते बहुतेक चढण्याविषयींचे, झिंगण्याविषयींचे आणि पडण्याविषयींचे आहेत. चवीचे फार थोडे. १९८५ पासून अमेरिकेंत बिअरच्या परीक्षकांची जी व्यवस्था चालत आली आहे, तिच्यांत पन्नास गुणांपैकीं गंधास बारा, रूपास तीन, चवीस वीस, मुखस्पर्शास पांच आणि एकंदर ठशास दहा अशी वांटणी असते. मद किती चढला, यास त्यांत एकही गुण नाहीं. पुण्यांतील तरुण याच धर्तीवर गुण देतात, आणि इंग्रजी शब्दांनीं देतात, यांत त्यांचा दोष नाहीं. त्यांच्या हातीं आम्हीं दुसरे शब्द दिलेच नाहींत.

'डूलाली' हें नांव म्हणजे गोऱ्या शिपायांनीं नाशिकजवळच्या देवळालीचा केलेला अपभ्रंश, आणि त्यांच्या बोलींत त्याचा अर्थ वेडसर असा होतो. नाशिकच्या एका श्रेष्ठिपुत्राचें दान बेडशाच्या शिळेवर स्वच्छ अक्षरांत राहिलें. नाशिकच्याच शेजारचें एक गांव विलायती तोंडांतून फिरून पुण्याच्या पेल्यावर आलें. शब्द असेच जातात आणि असेच परततात. मद्याचा पुरस्कार करणें हा या लेखाचा हेतु नाहीं; सागताची कथा आजही पुष्कळ घरांत रोज घडते, आणि तेथें विनयाचा नियमच खरा आहे. परंतु जो पितो त्यानें तरी काय पितों हें ओळखावें. पारख करणारा थांबून पितो, बोलत पितो, आणि बहुधा थोडें पितो. प्रसन्ना, कादंबरी, कापोतिका हे शब्द पुन्हा कोणाच्या तोंडीं आले, तर ते नशेच्या बाजूनें नव्हे, विवेकाच्या बाजूनें उभे राहतील.