सर्वांची एकच मोजपट्टी

वर्गातील चार मुलांना फळ्याची लांबी वितीने मोजायला सांगितली, तर चार निराळी उत्तरे येतात. चौघांनीही मेहनत घेतलेली असते. पण ती उत्तरे एकत्र करून हाती काही लागत नाही. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या रोगावरील संशोधन बराच काळ असेच चालले होते. ते त्यातून कसे बाहेर पडले आणि अजून कुठे अडते, हे आपण पाहू.

या रोगाचा शोधच मुळी देवाणघेवाणीतून लागला. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नावही धड लिहिता येईना. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या. पुढे ते म्युनिकला गेले. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा फ्रँकफुर्टच्या रुग्णालयाने तिचा मेंदू व कागदपत्रे त्यांच्याकडे पाठवली. मेंदूच्या पातळ कापांत त्यांना पेशींबाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू दिसले. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले.

हे पुंजके मृत्यूनंतर दिसत. जिवंत माणसाचे निदान कसे करावे? प्रत्येक ठिकाणचे प्रश्न आणि कसोट्या वेगळ्या होत्या. अमेरिकेत १९८४ मध्ये निदानाचे समान निकष प्रसिद्ध झाले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘सेरॅड’ योजनेने रुग्णतपासणी, स्मरणशक्तीच्या चाचण्या आणि मेंदूची मरणोत्तर पाहणी यांसाठी एकच पद्धत आखली.

खरे मोठे पाऊल २००४ मध्ये पडले. ‘ॲडनी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पात अमेरिका व कॅनडातील पन्नासहून अधिक केंद्रे आणि सुमारे ८०० स्वयंसेवक सहभागी झाले. काही निरोगी, काहींना सौम्य विस्मरण, तर काहींना अल्झायमर. सर्वांच्या मेंदूची चित्रे ठरलेल्या पद्धतीने काढली गेली. यंत्रायंत्रांत फरक पडू नये म्हणून, आत नेमक्या मापाचे गोल बसवलेली एक वस्तू यंत्रात ठेवून तिचेही चित्र काढत. पैसा सरकारचा आणि एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या औषध कंपन्यांचाही होता. नियम मात्र कडक : माहिती जमा होताच जगातील कोणत्याही संशोधकाला अर्ज केल्यावर ती मिळावी, गोळा करणाऱ्यांनाही आधी वापरण्याचा हक्क नाही. कंपन्यांनी हे का मानले? औषधाचा गुण मोजणारी पट्टी सर्वांनाच हवी होती, आणि ती एकट्याने बनवणे कोणालाच परवडणारे नव्हते.

पट्टी सामायिक झाली, औषधे मात्र झाली नाहीत. पुंजक्यांतील अमायलॉइड तयार होण्यास मदत करणारे बेस-१ हे विकर रोखावे, ही एकच कल्पना अनेक कंपन्यांनी वेगवेगळी तपासली. चालू चाचणीचे आकडे एकीचे दुसरीला दिसत नव्हते. २०१७ ते २०१९ या काळात अशी किमान पाच औषधे सोडून द्यावी लागली. काहींमुळे तर स्मरणशक्ती थोडी अधिकच खालावली. या चाचण्यांत हजारो वृद्धांनी विश्वासाने भाग घेतला होता.

मग तेच काम पुन्हा करणे नेहमीच वाया जाते का? ऑगुस्टेच्या मेंदूच्या काचपट्ट्या १९९०च्या दशकात म्युनिकमध्ये पुन्हा सापडल्या. २०१३ मध्ये एका गटाने त्यांतील डीएनएत आनुवंशिक दोष सापडल्याचे सांगितले. २०१४ मध्ये दुसऱ्या गटाने तोच शोध घेतला, तेव्हा दोष आढळला नाही. आम्ही याला दुबार काम म्हणणार नाही. ही पडताळणी आहे. पहिल्याचे काम उघड होते, म्हणूनच दुसऱ्याला ते तपासता आले. पहिल्याने काय केले हे ठाऊक नसताना पुन्हा त्याच वाटेने जाणे, हे खरे दुबार काम.

वर्गात हे सहज दाखवता येईल. आधी वितीने आणि मग एकाच पट्टीने फळा मोजून घ्यावा. दोन्ही वेळच्या नोंदी फळ्यावर लिहाव्यात आणि कोणत्या नोंदी परस्परांच्या कामी आल्या, हे मुलांनाच विचारावे.