सविताची कविता झाली तेव्हा

मागच्या वर्षी आमच्या मुळशीतल्या मुलींचा संघ कबड्डीत जिंकला. पेपरात चार ओळींची बातमी आली. गटातल्या एका ताईंनी कात्रण काढून भिंतीला लावलं. लेकीने ते वाचलं आणि रडायलाच लागली. तिचं नाव सविता, छापून आलं 'कविता'. चूक कुणाची होती ते शेवटी सांगते. आधी अशा चुकांचा थोडा इतिहास ऐका.

छापण्यातल्या चुकीला मराठीत गमतीचं नाव आहे : मुद्राराक्षस. मुळात हे विशाखदत्ताच्या जुन्या संस्कृत नाटकाचं नाव. त्यातली मुद्रा म्हणजे राक्षस नावाच्या अमात्याची अंगठी. पण मुद्रण म्हणजे छपाई, म्हणून छापखान्यातल्या खोडकर चुकांनाही आपण तेच नाव देऊन टाकलं.

पुण्यात केसरी १८८१ साली निघाला, सकाळ १९३२ साली. तेव्हा शिशाचा एकेक खिळा वेचून ओळ जुळवावी लागे, आणि खिळ्यावरचं अक्षर उलटं असे. 'ध'च्या जागी 'घ' बसला की 'शंभर धावा'च्या 'शंभर घावा' होतात. 'मल्ल'मधलं अर्धं अक्षर गळलं की आखाड्यात दोन 'मल' भिडतात! असं वाचून सगळं गाव हसणारच.

पण हसू आलं की चूक निदान सापडते. आकड्यांचं तसं नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमन यांच्या ४५२ धावांच्या विक्रमाला फक्त ९ कमी होत्या, तेवढ्यात समोरच्या संघाने खेळ सोडून दिला. आता ४४३ मधले दोन खिळे पुढेमागे झाले तर ४३४ होतात. वाचणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही.

चूक फक्त छापखान्यातच होते असंही नाही. १९७६ साली मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीला जिम्नॅस्टिक्समध्ये १० पैकी १० गुण मिळाले. फलकावर मात्र दिसलं १.००. कारण १०.०० दाखवायची त्यात सोयच नव्हती. कुणाला पूर्ण गुण मिळतील असं धरूनच चाललं नव्हतं!

मग संगणक आला. २००८ साली अमेरिकेचा धावपटू टायसन गे शर्यत जिंकला. तिथल्या एका बातमी संस्थेने संगणकाला सांगून ठेवलं होतं, 'गे' शब्द आला की 'समलिंगी' लिहायचं. संगणकाने बिचाऱ्याचं आडनावच बदलून टाकलं आणि बातमी तशीच गेली.

आता फोन आहेत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या वेळी आपल्या तेव्हाच्या केंद्रीय क्रीडामंत्र्यांच्या संदेशात दीपा कर्माकरचं आडनाव चुकलं, आणि द्युती चंद व श्राबणी नंदा यांच्या नावा-फोटोंची गल्लत झाली. लोकांनी लगेच चूक दाखवली, कारण या मुलींना देश ओळखत होता.

आमच्या सविताला कोण ओळखतं? 'कविता' हेही चांगलं नाव, म्हणून कुणाला खटकलंच नाही.

आता चूक कुणाची ते सांगते. पेपरवाल्यांची नव्हती. खेळाडूंची यादी मीच घाईघाईत फोनवर टाइप केली होती, आणि पाठवण्याआधी परत वाचली नव्हती. तीच यादी प्रमाणपत्रासाठीही गेली. शाळेच्या दाखल्यावर सविता आणि खेळाच्या प्रमाणपत्रावर कविता! पुढे अर्ज करताना पोरीचं हक्काचं यश तिचं म्हणून कोण मानणार? दुरुस्तीसाठी मी आणि तिची आई तीन हेलपाटे घातले.

तेव्हापासून आमच्या गटात एक नियम झाला आहे. कुठलीही यादी बाहेर जाण्याआधी एकीने मोठ्याने वाचायची आणि दुसरीने आधार कार्ड धरून ताडायची. रक्कम आकड्यात लिहायची, तशी अक्षरातही लिहायची. आणि आपलं नाव कुठे चुकलं असेल तर 'जाऊ दे' म्हणायचं नाही, दुरुस्त करून मागायचं.

सविताचं नवं प्रमाणपत्र आता चौकटीत आहे. जुनं कात्रण मात्र तिने काढू दिलं नाही. पेनने 'क' खोडून वर ठसठशीत 'स' लिहिला आहे.