व्हाइट बॅलन्स (श्वेतसंतुलन)

डिजिटल कॅमेऱ्यात लाल, हिरव्या आणि निळ्या संकेतांचे प्रमाण असे जुळवणे, की प्रकाश कोणत्याही रंगाचा असला तरी करडी वस्तू करडी आणि पांढरी वस्तू पांढरीच उमटावी. लग्नाचा अल्बम हातात आला की ‘फोटो पिवळा मारतोय’ ही जी तक्रार होते, तिचे मूळ बहुधा ही जुळणी चुकण्यात असते.

दिव्याखाली पाहिलेला सदरा आपल्याला पांढराच वाटतो, कारण डोळा आणि मेंदू प्रकाशाचा रंग वजा करून टाकतात. तिन्ही रंगांच्या ग्राहकपेशी आपापली संवेदनशीलता स्वतंत्रपणे कमी-जास्त करतात, अशी मांडणी योहानेस फॉन क्रीस या जर्मन शास्त्रज्ञाने 1902 मध्ये केली. कॅमेऱ्यातले गणित आजही मुख्यतः तिच्यावरच चालते. सेन्सर स्वतः रंगांधळा असतो. त्याच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या, ही रचना कोडॅकमधील ब्राइस बेयर यांची असून तिचे पेटंट 1976 चे आहे. समजा, करड्या कार्डावर लाल 900, हिरवा 1800 आणि निळा 1200 असे आकडे आले. मग लालला 2 ने आणि निळ्याला दीडने गुणले की तिन्ही सारखे होतात. हेच गुणक पुढे सगळ्या चित्राला लागतात.

प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. मेणबत्ती सुमारे 1900, जुना तारेचा बल्ब 2700 ते 2850, व्हिडिओवाल्यांची हॅलोजन सनगन 3200, फ्लॅश 5500च्या आसपास, ढगाळ आभाळ 6500 ते 7500 आणि निरभ्र निळ्या आकाशाखालची सावली त्याहून बरीच वर. आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळा. मात्र केल्विनची पट्टी फक्त तांबड्या-पिवळ्यापासून निळ्यापर्यंत जाते. हिरव्या आणि किरमिजी छटेसाठी टिंट ही दुसरी पट्टी लागते आणि अनेक जण नेमके तिलाच हात लावत नाहीत.

या दुसऱ्या पट्टीची गरज बेळगाव जिल्ह्यातील नंदगड येथे चांगली कळते. खानापूर तालुक्याच्या रानपट्ट्यातले हे गाव इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक आहे; 26 जानेवारी 1831 रोजी त्याला इथेच फाशी देण्यात आले. समाधीजवळच्या वडाखाली उभ्या माणसावर वरून पानांतून गाळलेला हिरवा, बाजूने आभाळाचा निळा आणि खालून तांबड्या मातीवरून परतलेला लालसर असा तीन तऱ्हांचा उजेड पडतो. कपाळ हिरवट आणि हनुवटी तांबूस दिसते ती यामुळे. कॅमेऱ्याचा केल्विन आकडा वाढवला, म्हणजे प्रकाश निळा आहे असे त्याला सांगितले, की निळेपणा जातो, हिरवेपणा राहतो. त्यासाठी टिंट किरमिजीकडे न्यावा लागतो. हनुवटीखालची लाली मात्र दोन्ही पट्ट्यांनी जात नाही. तिथे माणसालाच दोन पावले बाजूला घ्यावे किंवा पायाशी पांढरी चादर अंथरावी.

कौलारू घरात अडचण वेगळी असते. छपरातल्या काचेच्या कौलातून दिवसाचा निळसर उजेड एका पट्ट्यात उतरतो आणि बाकी खोली बल्बने पिवळी असते. एका गुणकाने दोन्ही प्रकाश दुरुस्त होऊ शकत नाहीत. बल्ब बंद करणे हाच खरा उपाय.

स्वयंचलित व्हाइट बॅलन्स सर्वांत जास्त फसतो तो हळदीला आणि लक्ष्मीच्या यात्रेत भंडारा उधळताना. चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी येते, या गृहीतावर त्याचे जुने गणित उभे आहे. चौकटभर पिवळे दिसले की कॅमेरा समजतो प्रकाशच पिवळा आहे, आणि निळा वाढवतो. हळद फिकी पडते, नवरीचा चेहरा राखेसारखा होतो. नवे कॅमेरे अधिक हुशार झाले आहेत, तरी ज्या प्रसंगाचा अर्थच त्याच्या रंगात आहे तिथे हा निर्णय यंत्रावर सोडू नये. रंगीत मांडवाखाली तर आणखी कठीण. पिवळ्या कापडातून निळा प्रकाश जवळजवळ येतच नाही. जे नाही त्याला कितीही गुणले तरी हाती फक्त खरखरीत दाणे लागतात.

भरवशाचा मार्ग म्हणजे करडे कार्ड. ते चेहऱ्याच्या जागी, त्याच उजेडात धरून एक फोटो घ्यायचा आणि कॅमेऱ्याच्या कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये तोच निवडायचा. प्रकाश बदलला की पुन्हा घ्यायचा. कार्डाऐवजी पांढरे धोतर किंवा टोपी वापरण्याची सवय घातक आहे. नीळ दिलेले कापड मुळातच निळसर असते, डिटर्जंटमधली चमकद्रव्ये त्यात भर घालतात. असल्या निळसर पांढऱ्याला करडे मानले की बाकी सारे चित्र पिवळे होते. छपाईचा पांढराशुभ्र कागदही याच कारणाने नको.

फोटो रॉ स्वरूपात घेतला तर गुणक फक्त नोंदवून ठेवलेले असतात, ते नंतर बदलता येतात. जेपेगमध्ये ते चित्रात मुरलेले असतात आणि दुरुस्तीला वाव थोडाच उरतो. अचूक रंगांसाठी, विशेषतः साड्या, चित्रे किंवा जुने कागद टिपताना, 1976 मध्ये आलेल्या 24 चौकटींच्या कलरचेकर तक्त्याचा फोटो घेऊन त्या कॅमेऱ्याचे आणि त्या प्रकाशाचे प्रोफाइल बनवतात. व्हाइट बॅलन्स फक्त करडा रंग जागेवर आणतो. लाल किंवा जांभळा नेमका कोणता, हे प्रोफाइल ठरवते.

फिल्मच्या काळात व्हाइट बॅलन्स बदलण्याची सोय नव्हती. रोल दिवसाच्या प्रकाशाचा किंवा 3200 केल्विनचा असे, आणि उरलेली भरपाई भिंगावरच्या रंगीत काचेने होई. कोल्हापुरात जन्मलेल्या प्रभात फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ (1933) हा चित्रपट रंगीत करण्यासाठी प्रक्रिया जर्मनीत करून घेतली, पण रंग मनासारखे उतरले नाहीत.

आजची मोठी अडचण स्वस्त एलईडीची. त्यांच्या प्रकाशात गडद लाल लहरी कमी असतात. त्यामुळे करडे कार्ड अगदी बरोबर येते, पण कुंकू तपकिरी दिसते आणि त्वचा निस्तेज. खरेदी करताना दिव्याचा सीआरआय, म्हणजे त्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, 95च्या वर आहे का, आणि गडद लालचा आर-9 हा आकडा वेगळा दिला आहे का, हे पाहावे.